मन नाही

ज्या देशातून हे संमतीपत्र आलं
तो म्हणे समुद्राहून खाली आहे,
बांध घालून कोरडा ठेवलेला.
गंगाखेडात एप्रिलमध्ये हे सांगितलं
की लोक माझ्याकडंच बघतात.

सतरा पानं. मी मराठीत आणली.
मग पुण्यातल्या कुणीतरी, मूळ न बघता,
माझी मराठी पुन्हा इंग्रजीत नेली,
आणि तिकडच्या समितीनं
दोन्ही इंग्रज्या शेजारी मांडून पाहिल्या
सोयरिकीआधी पत्रिका पाहाव्यात तशा.
जुळल्या.

नमुन्यांची मालकी प्रायोजकाकडे राहील,
हे वाक्य मी बिनचूक लिहिलं होतं.
सोजर शिंगारेपुढं वाचलं तर ती म्हणाली,
"म्हंजी रगत मपलं ऱ्हात नाही?"

मपलं. तुपलं.
शाळेत या शब्दांवर गुरुजी लाल रेघ मारायचे.
माझं म्हणावं तर तेवढं एकटं नाही,
आपलं म्हणावं तर तेवढं वाटून टाकलेलं नाही.
सतरा पानं पुन्हा चाळली. कुठंच बसेना.

नवऱ्याची सही कशाला, तिकडचे विचारतात,
बाई सज्ञान आहे.
घरच्यांना विश्वासात घेतलं का, इकडचे विचारतात.
मी दोघांनाही हो लिहिलं.
दिगंबर शिंगारे दाराबाहेर बिडी ओढत उभा होता,
आत आला नाही, गेलाही नाही.
त्यासाठी रकाना नव्हता.

तिकडं चित्रीकरण म्हणजे खाजगीपणावर घाला,
इकडं चित्रीकरण नसेल तर फाइल परत येते.
कॅमेरा लावला.
सोजरनं पदर सारखा केला,
"हसू का?"

बुडाल्या रोजाचे चारशे मागितले होते मी.
तिकडून अडीचशे मंजूर झाले,
जास्त दिले तर आमिष ठरतं म्हणून.
ते बरोबरच असेल.
मी दीडशेचा हिशेब सोजरला समजावत होते
आणि ती मान हलवत होती, माझी कीव आल्यासारखी.

अंगठ्याशेजारी निःपक्षपाती साक्षीदार लागतो.
खमरभाई शिपाई, एकसष्ट अंगठ्यांचा साक्षीदार,
इथं मात्र पेन धरून थांबला.
"बाई, मी कसला निःपक्षपाती?
मावशी माझ्या अम्मीबरोबर कापूस वेचायची,
अम्मी तापली की मला हिनं जेवू घातलंय."
मग केली सही.
दुसरं कोण होतं तिथं?

तिसऱ्या भेटीला सोजर आली नाही.
घरी गेले, ती भाकरी थापत होती.
तव्यावरची उलटली, मग म्हणाली,
"मन नाही."

पान नऊ: कोणतंही कारण न देता
आपण कधीही बाहेर पडू शकता.
संगणकात मात्र कारणाचा चौकोन
लाल होऊन बसतो, पुढं सरकू देत नाही.
मी तिचे दोन शब्द होते तसे टाकले.

बावीस दिवसांनी पत्र आलं.
मध्ये कुणीतरी ते दोन शब्द उचलून नेले होते, शब्दशः.
सहभागी क्रमांक ०४७ यांना मन नसल्याची नोंद आहे.
संमती देतेवेळी त्या
मानसिकदृष्ट्या सक्षम होत्या काय?
पुरावा जोडावा.

खमरभाईला वाचून दाखवलं. तो हसला.
मीही हसले, चहा येईपर्यंत.

आता उत्तर लिहायला बसले आहे.
मन नाही म्हणजे,
इथवर लिहून झालंय.
कूलरमधलं पाणी संपलंय, पंखा नुसता गरगरतो.
पान अकराप्रमाणे आधी घेतलेले नमुने
परत मिळत नाहीत.
हेही तिला सांगून आले काल.
तिच्या चार नळ्या आता समुद्राखालच्या गावी,
उणे ऐंशी अंशांत, नावाशिवाय.

ती भांडली नाही.
हात धुतले, पदराला पुसले,
आणि विचारलं,
तिथं लई गारठा असंल ना?